मोजणी जुळेपर्यंत

‘मी कितीही थकलेलो असलो, तरी ऐन मोक्याच्या वेळी माझे काम नीट होते.’ हे विधान तुम्हाला पटते का, असा प्रश्न टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन व्यवसायांतल्या लोकांना विचारला होता. एका बाजूला अमेरिका, युरोप आणि इस्राएलमधल्या ऑपरेशन थिएटर व अतिदक्षता विभागांत काम करणारे १,०३३ डॉक्टर आणि परिचारिका होत्या. दुसऱ्या बाजूला विमानाच्या कॉकपिटमध्ये काम करणारे तीस हजारांहून अधिक लोक. निष्कर्ष १८ मार्च २००० च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले. वरिष्ठ सर्जनांपैकी ७० टक्क्यांनी ‘पटते’ असे उत्तर दिले. वैमानिकांत हे प्रमाण २६ टक्के होते. हाताखालच्यांनी वरिष्ठांच्या निर्णयावर शंका काढू नये का, असेही विचारले होते. तसे मुळीच नाही, असे जवळपास सगळ्या वैमानिकांनी सांगितले. वरिष्ठ सर्जनांत मात्र असे म्हणणारे ५५ टक्केच निघाले.

त्यानंतर पाव शतक उलटले. रुग्णसुरक्षा हा शब्द वैद्यकात रुळला. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये त्यासाठी जागतिक आघाडी उभी केली, २०१९ पासून १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन झाला, आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ ते २०२५ या काळासाठी राष्ट्रीय आराखडा काढला, रुग्णालयांच्या मानांकनासाठी एनएबीएच आले. हात कसे धुवावेत याची पोस्टर आता तालुक्याच्या नर्सिंग होममध्येही बेसिनवर दिसतात. डॉक्टरांपुढे प्रश्नावली ठेवली, तर बहुतेक उत्तरे बरोबर येतील. माहितीची उणीव आता फारशी उरलेली नाही, असे माझे मत आहे. मला त्यापुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो आणि हे पुस्तक तोच हाती घेते, म्हणून ही प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला. सगळे काही माहीत असलेला डॉक्टर, हाताखालचे कुणी ‘थांबा’ म्हणाले की काय करतो, हा तो प्रश्न.

मी भूलतज्ज्ञ आहे. माझे आयुष्य ऑपरेशन टेबलाच्या डोक्याच्या बाजूला गेले आणि तिथून थिएटरमधले सगळे चेहरे दिसतात. पोटाचे एक मोठे ऑपरेशन चालले होते. दुपार कलली होती, यादीतल्या दोन केसेस बाहेर ताटकळत होत्या. सर्जननी पोट शिवायला घेतले. स्क्रब सिस्टर रक्ताने भिजलेले मॉप एकेक उलगडून पाच-पाचाच्या गड्ड्या लावत होती आणि दुसरी सिस्टर भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेल्या आकड्याशी त्या ताडून पाहत होती. “सर, एक मॉप कमी आहे.” सर्जन म्हणाले, “नीट मोजा.” तिने पुन्हा मोजले. मावशींनी बादली उलटी केली, चादरींच्या घड्या झटकल्या. “सर, कमीच आहे.” “मी बघितलंय सिस्टर. आत काही नाही.” सुई चालूच होती. नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेली ती मुलगी थोडा वेळ गप्प उभी राहिली. मग म्हणाली, “सर, काउंट जुळत नाहीये. मी सही नाही करणार.” थिएटरमधले सगळे आवाज थांबले. टाके कापले गेले. मॉप प्लीहेच्या मागे, डाव्या श्वासपटलाखाली सापडला. रक्त प्यायलेला मॉप आतल्या अवयवांच्याच रंगाचा होतो, हाताला तसाच मऊ लागतो. चांगल्या सर्जनला तो न दिसणे अगदी शक्य असते आणि हे सर्जन उत्तम होते.

पुढे काय झाले ते मला अधिक बोचते. कुणी काहीच बोलले नाही. ऑपरेशन नोट्समध्ये ‘मॉप काउंट बरोबर’ एवढीच ओळ पडली, आणि ती शब्दशः खरीही होती. पुढची केस आत आली. सिस्टरला कुणी शाबासकी दिली नाही. उलट बरेच दिवस ती त्या सर्जनच्या टेबलावर ड्युटी लागू नये म्हणून धडपडत होती. मॉप का चुकला, मध्येच वाढवलेल्या मॉपची नोंद फळ्यावर करायची राहिली होती का, कंटाळलेल्या माणसांनी किती वाजता काय केले, यातले काहीही कुणी तपासले नाही. रुग्ण बरा होऊन घरी गेला, म्हणजे काही घडलेच नाही असे ठरले. थोडक्यात हुकलेल्या अशा घटना दर आठवड्याला घडतात आणि कुठल्याही रजिस्टरमध्ये उतरत नाहीत. रुग्णसुरक्षेचे जे काही शिकायचे, ते खरे तर इथेच पडलेले असते, कारण इथे कुणाचा जीव गेलेला नसतो आणि डोके थंड ठेवून बोलता येते.

हे मौन कुठून येते? माझ्या मते प्रशिक्षणातून. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला सकाळच्या राउंडला रुग्णाच्या खाटेशी, नातेवाइकांदेखत फैलावर घेतले जाते. पोटॅशियमचा रिपोर्ट बघायचा राहिला, तर ‘तुला डॉक्टर कुणी केलं?’ हा प्रश्न ठरलेला. रात्रभरात किती रुग्ण भरती झाले, रिपोर्ट लॅबमधून कधी आला, तो आणायला मामा होते का, हे बॉस विचारत नाहीत. चूक म्हणजे निष्काळजीपणा आणि निष्काळजीपणा म्हणजे वाईट डॉक्टर, हे समीकरण तिथे पक्के होते. ते मनात बसलेला माणूस पुढे स्वतः युनिट हेड होतो. त्याच्या हातून चूक होते तेव्हा ती कबूल करणे म्हणजे आपण वाईट डॉक्टर आहोत हे कबूल करणे, असे त्याला वाटते. मग तो रुग्णाच्या प्रकृतीला, उशिरा आणल्याला, नशिबाला दोष देतो, आणि बहुतेक वेळा अगदी प्रामाणिकपणे देतो. व्हिएन्नात १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आणले, तरी सहकाऱ्यांनी ते मानले नाही. मानले असते तर आजवर आपल्याच हातांनी मृत्यू पोचवला, हेही मानावे लागले असते.

बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांच्याबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी आग्रह धरला की प्रत्येक रुग्णाचे शेवटी काय झाले याचा रुग्णालयाने मागोवा घ्यावा, आणि चांगले झाले नसेल तर का नाही, हे लिहून जाहीर करावे. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलला ते रुचले नाही. कॉडमन १९१४ मध्ये तिथून बाहेर पडले. स्वतःच्या छोट्या रुग्णालयात ते त्याआधीपासूनच तसे करून दाखवत होते. १९११ ते १९१६ या काळात तिथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या बाबतीत १२३ चुका त्यांनी स्वतः मोजल्या आणि छापून लोकांना वाटल्या. व्यवसायबंधूंनी त्यांना वाळीत टाकल्यासारखेच केले. आज मोठ्या रुग्णालयांत ज्या मॉर्टॅलिटी मीटिंग होतात, त्यांच्यामागे कॉडमन यांचा विचार आहे. मात्र आपल्याकडच्या अनेक मीटिंगांना मी बसले आहे. कुणाचे चुकले हे तिथे दहा मिनिटांत ठरते. बहुधा सर्वांत कनिष्ठ माणसाचे.

न्यूयॉर्क राज्यातल्या रुग्णालयांच्या १९८४ सालच्या नोंदी तपासून हार्वर्डच्या अभ्यासकांनी १९९१ मध्ये दाखवले की दाखल रुग्णांपैकी ३.७ टक्क्यांना आजारामुळे नव्हे, तर उपचारांमुळे इजा झाली होती. त्या अभ्यासातले बालशल्यविशारद ल्युशियन लीप यांनी पुढे मांडले की चुका करणारी माणसे बहुतेक चांगली आणि कष्टाळू असतात, म्हणून शिक्षेने चुका कमी होत नाहीत. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवाल आला आणि तिथल्या रुग्णालयांत दर वर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू टाळता येण्याजोग्या चुकांमुळे होतात, हा अंदाज वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गेला. आकड्यावर पुष्कळ वाद झाला. पण चूक होऊ शकते हे धरूनच व्यवस्था आखली पाहिजे, हा विचार तिथून पुढे मागे हटला नाही.

व्यवस्था म्हणजे काय, हे वॉर्डातल्या औषधांच्या ट्रॉलीपाशी उभे राहिले की कळते. पोटॅशियम क्लोराइडची दहा मिलीची अँप्यूल आणि डिस्टिल्ड वॉटरची अँप्यूल शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. दोन्हीत पाण्यासारखा द्राव, आकार जवळपास सारखा, लेबलावरची अक्षरे बारीक. रात्री दोन वाजता, चाळीस रुग्णांमागे एक सिस्टर असताना, अँटिबायोटिक विरघळवायला हात ज्या अँप्यूलवर पडेल ती उचलली जाते. पोटॅशियम तसेच थेट शिरेत गेले तर हृदय थांबते. ‘लक्ष ठेवा’ अशी सूचना भिंतीवर लावून हे थांबत नाही. तीव्र पोटॅशियम वॉर्डात ठेवायचेच नाही, कुलपात किंवा फार्मसीत ठेवायचे, हा उपाय जागतिक आरोग्य संघटनेने सांगून बरीच वर्षे झाली. तो करायला पैसे लागत नाहीत. कुणीतरी वरिष्ठाने एकदा ट्रॉलीपाशी येऊन उभे राहावे लागते.

महाराष्ट्राला हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला होता. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूची सूज उतरवण्यासारख्या कारणांसाठी ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषधखरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंतची साखळी उघडी पाडली. औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांचे शास्त्र चुकलेले नव्हते. बाटलीत काय आहे हे तपासणारी प्रत्येक कडी सुटली होती. तेच विष २०२२ मध्ये गांबियात साठाहून अधिक मुलांच्या जिवावर उठले, आणि त्या प्रकरणात बोट भारतात बनलेल्या सिरपकडे दाखवले गेले. अशा वेळी पहिली शंका यायची ती खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरलाच. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी आपल्याकडे २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, फॉर्म साधा आहे, फोनही करता येतो. तरी औषधाने अंगावर पुरळ उठले की गोळी बदलायची आणि पुढचा पेशंट बोलवायचा, हीच ओपीडीची रीत आहे.

आता पुन्हा थिएटरकडे येते, कारण तिथे एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचा सूत्रधार एका अर्थाने आपल्यातला आहे. अतुल गवांदे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. ते अमेरिकेत डॉक्टर झाले, तरी गावाकडच्या मुलांसाठी उमरखेडला महाविद्यालय उभारायला विसरले नाहीत. अतुल गवांदे बोस्टनमध्ये सर्जन झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची यादी तयार करण्याचे काम पुढे नेले. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्णाला थिएटरबाहेर नेण्याआधी, असे तीनदा थांबायचे आणि मोठ्याने बोलून खात्री करायची. रुग्ण हाच ना, बाजू डावी की उजवी, ॲलर्जी आहे का, अँटिबायोटिक दिले का, मोजणी जुळली का. सिएटल, टोरांटो, लंडनपासून दिल्ली, मनिला आणि टांझानियातल्या इफाकारापर्यंत आठ ठिकाणी ती वापरून पाहिली. जानेवारी २००९ मध्ये निष्कर्ष आले: मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर, गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर.

त्या यादीत एक मुद्दा असा की चीर देण्याआधी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. आपल्याकडे याला हसणारे सर्जन मी पाहिले आहेत. रोज भेटतो, नावे कशाला? मला विचाराल तर यादीतला सर्वांत मोलाचा मुद्दा तोच. ज्या माणसाने सकाळी एकदा आपले नाव मोठ्याने उच्चारले, त्याला दुपारी ‘सर, थांबा’ म्हणायला कमी धीर लागतो.

पण यादी कागदावर सक्तीची केली की काय होते, हेही दिसून आले. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने ती लागू केली, १०१ रुग्णालयांतले आधीचे आणि नंतरचे आकडे तपासले गेले, आणि २०१४ मध्ये कळले की मृत्यू आणि गुंतागुंतीत म्हणण्याजोगा फरक पडलेला नाही. यादी भरल्याचे रुग्णालयांनी कळवलेले प्रमाण मात्र नव्वद टक्क्यांच्या वर होते. मला याचे नवल वाटले नाही. आदल्या संध्याकाळी इंटर्न केसपेपर तयार करतो, त्यात यादीचा कागद घालतो आणि सगळ्या चौकोनांत टिका मारून ठेवतो. रुग्ण अजून वॉर्डात जेवत असतो आणि त्याच्या मॉपची मोजणी ‘बरोबर’ झालेली असते. त्या मुलाला दोष देणे सोपे आहे. त्याला तसे करायला युनिटनेच शिकवलेले असते.

इंग्लंडमधली २००५ ची एक घटना भूलतज्ज्ञांच्या प्रशिक्षणात आज जगभर दाखवली जाते. सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी आलेल्या एका तरुण आईला भूल दिल्यावर श्वासमार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर वीस मिनिटे नळी घालायचाच प्रयत्न करत राहिले. एका नर्सने गळ्यातून मार्ग काढण्याचा संच आणून ‘तयार आहे’ असे सांगितले. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट सांगून ठेवली आणि डॉक्टरांची नजर पाहून ती रद्द केली. काय करायला हवे हे त्यांना कळत होते. ते डॉक्टरांच्या कानापर्यंत पोचेल अशा रीतीने कसे म्हणायचे, ते त्यांना कुणी शिकवले नव्हते. ती स्त्री तेरा दिवसांनी गेली. तिचा नवरा वैमानिक होता. विमान अपघातानंतर जशी चौकशी होते तशी, कुणाला शिक्षा करण्यासाठी नव्हे तर शिकण्यासाठी चौकशी करा, अशी मागणी त्याने केली आणि पुढची वर्षे या कामाला दिली. मी ही घटना दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगत असे. ‘आपण त्या जागी असतो तर काय केले असते’ यावर ते भरभरून बोलत. ‘तुमच्या युनिटमध्ये सिस्टर असे बोलू शकते का’ असे विचारले की मात्र वर्ग शांत होई.

थकव्याबद्दल थोडक्यात. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात १८ वर्षांची मुलगी दगावली, तिच्यावर उपचार करणारे रेसिडेंट किती तास काम करत होते हा प्रश्न पुढे आला, आणि १९८९ मध्ये त्या राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. आपल्या केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग बारा तासांहून अधिक काम सहसा देऊ नये असे म्हटले आहे. निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेचे संप आठवणाऱ्या कुणालाही त्या ओळीचे काय झाले ते ठाऊक आहे. ‘आम्हीही अशाच ड्युट्या केल्या’ हे उत्तर मला आता ऐकवत नाही. रुग्णाला त्याचा काय उपयोग?

डॉक्टरांच्या भीतीबद्दल मात्र हळुवारपणे बोलले पाहिजे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. हल्ले इतके वाढले की महाराष्ट्राला २०१० मध्ये त्याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. कॅज्युअल्टीत मृत्यू झाला की तिथला रेसिडेंट आधी दरवाजाकडे बघतो. अशा माणसाला ‘चूक मोकळेपणाने सांग’ म्हणणे निर्दयपणाचे वाटू शकते. तरी भीतीचा काही भाग अर्धवट माहितीतून आलेला आहे. जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की निर्णयातली साधी चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, आणि फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो. हा निकाल किती डॉक्टरांनी वाचला आहे? वाचलेला नसतो म्हणून केसपेपरमध्ये नंतर ओळी घातल्या जातात, आणि तिथे खरोखरच गुन्हा सुरू होतो.

ज्याच्या हातून चूक झाली त्या डॉक्टरचे पुढे काय होते, हेही या विषयातच येते. सुरुवातीला उल्लेख केलेल्या त्याच अंकात अल्बर्ट वू यांनी अशा डॉक्टरला ‘दुसरा बळी’ म्हटले होते. या नावावर रुग्णांच्या कुटुंबांनी घेतलेला आक्षेप मला मान्य आहे. पहिल्याच्या दुःखाशी बरोबरी होऊ नये. पण रात्री हातून काही चुकलेला रेसिडेंट सकाळी कुणाशीही न बोलता पुढची ड्युटी करतो, हे मी अनेकदा पाहिले. त्यातले काही नंतर अतिसावध होतात, काही बेफिकीर. दोघेही रुग्णाला धोकादायक.

भीती असतानाही शिकता येते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. केरळमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ मध्ये मातामृत्यूंचा गोपनीय आढावा सुरू केला. केसपेपरवरची रुग्णाची, डॉक्टरची, रुग्णालयाची नावे काढून ते अनुभवी डॉक्टरांच्या समितीकडे जातात, आणि काय चुकले एवढेच सर्वांना कळवले जाते. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावर तिथे जे काम झाले, ते या कागदांतूनच. पुढे देशभर मातामृत्यू अन्वेषण सुरू झाले. त्याचे तत्त्वही नाव न घेणे आणि दोष न देणे हेच आहे, आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या बैठकीला नातेवाइकांनाही बोलावण्याची सोय त्यात आहे. महाराष्ट्रातले मातामृत्यूचे प्रमाण २००७-०९ मध्ये लाखाला १०४ होते, ते २०१८-२० मध्ये ३३ झाले. याचे श्रेय आशाताईंपासून रक्तपेढ्यांपर्यंत पुष्कळांना आहे. पण प्रत्येक मृत्यूच्या कागदांपुढे डॉक्टर शांतपणे बसले, याचाही त्यात वाटा आहे असे मी मानते. हीच पद्धत चुकीच्या औषधांना, उलट्या बाजूच्या ऑपरेशनला, खाटेवरून पडलेल्या रुग्णांना लावता येईल. अशा आढाव्यात दिलेली माहिती खटल्यात पुरावा म्हणून वापरली जाणार नाही, ही तरतूद मात्र सरकारकडून मिळवावी लागेल, आणि डॉक्टरांच्या संघटनांनी ती हल्लाविरोधी कायद्याइतक्याच जोराने मागितली पाहिजे.